नुसती जनुकं वाढवून भागत नाही

यीस्टकडून रंगद्रव्यं बनवून घेण्यावरचा लेख आवडला. पण यीस्टमध्ये कॅरोटिनॉइड (पिवळी ते लाल रंगद्रव्यं) बनवणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती घातल्या की रंग वाढतो, एवढ्यावरच तो थांबतो, हे खटकलं. फाफिया ऱ्होडोझायमा घ्या. सॅल्मन माशांच्या खाद्यात घालतात ते अ‍ॅस्टाझँथिन, म्हणजे एक लालसर कॅरोटिनॉइड, हे यीस्ट बनवतं. त्याला साखर एकदम भरपूर दिली तर ते अल्कोहोल करायला लागतं आणि रंग फिका पडतो. तेच ग्लुकोज थोडं थोडं सोडलं, हवा भरपूर खेळती ठेवली, तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास राखलं, की तीच जात चांगली लालकेशरी दिसते.

शिवाय कॅरोटिनॉइड आणि एर्गोस्टेरॉल (यीस्टमधला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ), दोन्हींचा कच्चा माल एकच. एर्गोस्टेरॉल पेशीच्या पटलाला हवंच, त्यामुळे त्याच्याकडे जाणारा कच्च्या मालाचा वाटा पुरता तोडता येत नाही, फार तर आवळता येतो. खरी कसोटी इथे लागते.

एक कळकळीची विनंती: आकडे देताना प्रति ग्रॅम पेशी किती आणि प्रति लिटर किती, दोन्ही द्या. पेशी गडद पण मूठभर, असं उत्पादन कारखान्याच्या कामाचं नाही. त्यात रंग पेशीच्या आत अडकलेला, भिंत फोडायचा खर्च वेगळाच.