‘रंग फासा, नाक लावा, धपकन पडा’: एवढ्यानं क्लाउन होत नाही

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. क्लाउनला शिकावं काय लागतं? तोंडाला रंग, लाल नाक आणि धडपड. पडायला हिंमत लागते, कौशल्य नाही. बाकीचं ऐनवेळी सुचतं. आणि शेवटी हा पोरांचा खेळ. यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी पडण्याचं बघू, कारण इथल्या गैरसमजानं हाडं मोडतात. न शिकलेला माणूस मागे पडताना हात टेकतो, सगळा भार एका मनगटावर येतो आणि ते मोडतं. शिकलेला क्लाउन पूर्ण उंचीवरून पडतच नाही. तो गुडघे वाकवून बूड जमिनीजवळ आणतो, डोकं आपटू नये म्हणून हनुवटी छातीकडे ओढतो, श्वास सोडतो आणि एका कुशीवर वळतो. पोटरी, मांडी, कुल्ला, मग पाठीची एक बाजू अशा क्रमानं अंग टेकत जातं. माकडहाड, कोपर आणि गुडघा आपटू द्यायचे नाहीत. ‘धप्प’ आवाज येतो तो जमिनीवर मारलेल्या तळहाताचा. सराव गादीवर बसल्या जागेवरून सुरू होतो, मग उकिडवं, मग उभ्यानं, मग चालता चालता. गादी सगळ्यात शेवटी काढायची.

अडखळणंही ठरवून असतं. मागचा पाय पुढे येताना त्याचा चवडा पुढच्या टाचेला अडकवायचा. नजर मात्र समोरच हवी. पायाकडे बघितलं की प्रेक्षकाला आधीच कळतं.

थप्पड तर गालाला लागतच नाही. प्रेक्षक, हात आणि गाल एका रेषेत आणायचे, म्हणजे मधलं वीतभर अंतर दिसत नाही. आवाज काढतो मार खाणारा, टाळी वाजवून किंवा स्वतःच्या छातीवर थाप मारून, आणि त्याच क्षणी मान फिरवतो. नजरानजर झाल्याशिवाय हात उठत नाही. सूत्रं मार खाणाऱ्याकडे असतात. आवाज आणि मान यांचा मेळ चुकला की खोटेपणा उघडा पडतो. इटलीतल्या ‘कोमेदिया देल्लार्ते’ या जुन्या मुखवट्यांच्या विनोदी नाट्यप्रकारात यासाठी दोन फळ्यांची काठी वापरत: फटका हलका, आवाज मोठा.

पण हशा पडण्यावर येत नाही, तो पडल्यानंतर येतो. पडा, थांबा, ज्यानं पाडलं त्याकडे बघा, मग प्रेक्षकांकडे बघा, आणि मगच उठा. एका वेळी एकच गोष्ट. नवशिक्यांची सर्रास होणारी चूक इथेच आहे: ते घाईनं उठतात, उठतानाच तोंड वेडंवाकडं करतात, आणि कुठे बघावं हेच प्रेक्षकाला कळत नाही.

आता नाक. पॅरिसमध्ये 1956 साली नाट्यशाळा काढणारे झाक लकॉक लाल नाकाला जगातला सगळ्यात छोटा मुखवटा म्हणत. तो चेहरा लपवत नाही, उलट सगळ्या नजरा चेहऱ्यावर आणतो, त्यामुळे नाकाआड खोटं हसू खपत नाही. शिवाय नाक अनिवार्यही नाही. लंडनचा क्लाउन जोसेफ ग्रिमाल्डी (1778–1837) पांढऱ्या चेहऱ्यावर गालांना लाल त्रिकोण रंगवायचा. रंगाचंही शास्त्र आहे. पांढरा थर पातळ हवा, बोटांनी थोपटून बसवलेला आणि पावडरनं पक्का केलेला. नाहीतर घामानं ओघळतो. ओठ रंगवताना बहुतेकदा खालचाच रंगवतात. दोन्ही ओठांभोवती मोठं हसू काढलं, की खऱ्या तोंडाची हालचाल लांबून दिसेनाशी होते.

ऐनवेळी सुचतं, हे अर्धवट खरं आहे. प्रेक्षकांतलं मूल ओरडलं तर क्लाउन त्यावर खेळतो, पण त्याखाली पक्का सांगाडा असतो: प्रवेश, अडचण, तीन प्रयत्न, निर्गम. पहिला प्रयत्न अपेक्षा तयार करतो, दुसरा ती पक्की करतो, तिसरा मोडतो. स्वित्झर्लंडचा क्लाउन ग्रोक स्टूल पियानोपासून लांब आहे म्हणून पियानोच स्टुलाकडे ढकलायचा. ही गंमत त्यानं अनेक वर्षं घासूनपुसून सादर केली.

आणि पोरांचा खेळ? लहान मुलं रंगवलेल्या चेहऱ्याला बरेचदा घाबरतात. न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कशीनं 1986 मध्ये रुग्णालयांत क्लाउन पाठवायला सुरुवात केली. आज असे क्लाउन बहुधा जोडीनं जातात, रंग अगदी कमी लावतात आणि दारातच मुलाची परवानगी विचारतात. मूल ‘नको’ म्हणालं तर आत पाऊल टाकत नाहीत. मग दोघं एकमेकांना ‘आधी तू’ म्हणत, दारात अडकत मागे फिरतात. तेही ठरलेल्या वेळात, आणि तेवढ्यासाठीही तालीम लागते.