मँक्स नॉर्टनचे श्रेय कोणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मँक्स नॉर्टन या ब्रिटिश शर्यतीच्या मोटारसायकलवरील माझा लेख आपण बारकाईने वाचून इतके सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपला आक्षेप असा आहे, की १९५० च्या शर्यतींतील यशाचे सारे श्रेय मी फ्रेम (गाडीचा सांगाडा) बनवणाऱ्याच्या आणि इंजिन जुळवणाऱ्याच्या पदरात टाकले आणि रायडरला गाडीवर बसण्यापुरते ठेवले. नॉर्टनचा रायडर जेफ ड्यूक नसता तर ती फ्रेम कोणाच्या लक्षातही राहिली नसती, आणि १९५३ मध्ये तो जिलेरा या इटालियन कंपनीकडे गेल्यावर नॉर्टनची झालेली पीछेहाट हाच त्याचा पुरावा, असे आपले म्हणणे आहे. यातील पहिला भाग मला बऱ्याच अंशी मान्य आहे, दुसरा नाही.

आधी पुराव्याचे पाहू. १९४९ ची सीनिअर टीटी (आइल ऑफ मॅन बेटावरची ५०० सीसी गाड्यांची शर्यत; ज्युनिअर टीटी ३५० सीसीची) हॅरॉल्ड डॅनिएलने ताशी सुमारे ८७ मैलांच्या सरासरीने जिंकली. तेव्हा नॉर्टनची फ्रेम जुनीच होती. जड, ठिकठिकाणी ओतीव सांधे असलेली, आणि मागे प्लंजर सस्पेन्शन, म्हणजे चाकाचा आस उभ्या स्प्रिंगांमध्ये वर-खाली सरकणारी रचना. रायडर मंडळी तिला ‘बागेचे फाटक’ म्हणत, यावरून काय ते समजावे. पुढच्याच वर्षी रेक्स मॅकँडलेसची नवी फ्रेम आली आणि ड्यूकने तीच शर्यत ९२.२७ मैलांच्या सरासरीने जिंकली. इंजिनातही काही सुधारणा झाली होती, हे खरे. पण त्या इंजिनाचा मूळ आराखडा आर्थर कॅरॉलने १९३० च्या सुमारास केलेला होता, आणि नॉर्टनच्या शर्यत-विभागाचा प्रमुख जो क्रेग वर्षानुवर्षे त्यालाच घासूनपुसून थोडी थोडी ताकद वाढवत होता. एका हिवाळ्यात पाच मैलांची उडी केवळ त्यातून निघत नाही. शिवाय त्या वर्षी ज्युनिअर आणि सीनिअर या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे होते, आणि ज्युनिअर ड्यूकने नव्हे, आर्टी बेलने जिंकली. ड्यूकच सर्व काही असता, तर बेल, डॅनिएल आणि लॉकेट हे आधीपासूनचे गडी त्याच्या मागेपुढे कसे आले असते?

या फ्रेमविषयी मी इतके जीव तोडून का लिहितो, तेही सांगतो. इंग्लंडमधील जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात मालकाच्या परवानगीने मी एका मँक्सशेजारी बराच वेळ उकिडवा बसलो होतो. हँडलच्या मुळाशी चारही नळ्या एकमेकींना ओलांडून येतात. वरून येणाऱ्या खाली जुळतात आणि खालून येणाऱ्या वर. तिथे ओतीव तुकडा नाही, बोल्ट नाही. नळीला नळी ब्राँझने जोडलेली, आणि त्या जोडाचा गुळगुळीत भराव रंगाखालूनही बोटाला लागतो. दोन बंद वळशांत इंजिन बसवलेले असल्यामुळे मागचे चाक खड्ड्यात गेले तरी पुढच्या चाकाची दिशा पिळवटत नाही. पातळ, मजबूत नळीचे हे काम नॉर्टनच्या कारखान्यात होण्यासारखे नव्हते; या फ्रेम रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीने बनवून दिल्या. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मात्र उघड्याच, त्यामुळे शर्यत संपेपर्यंत रायडरच्या अंगावर तेलाचा फवारा ठरलेला.

जिलेराचे म्हणाल, तर ड्यूक गेल्यावर नॉर्टनला ५०० सीसीचे विश्वविजेतेपद पुन्हा मिळाले नाही, हे बरोबर आहे. पण १९५३ मध्येच ऱ्होडेशियाच्या रे अ‍ॅमने नॉर्टनवर दोन्ही टीटी जिंकल्या, ते आपल्या प्रतिक्रियेत आलेले नाही. जिलेराच्या चार सिलिंडरांसमोर नॉर्टनच्या एका सिलिंडरचे बळ कमी पडत चालले होते, आणि ते ड्यूक असतानाही दिसत होते. १९५० चे विजेतेपद त्याच्या हातून एका गुणाने गेले आणि ते जिलेराच्या मासेत्तीला मिळाले.

आता माझी चूक. मी रायडर एकीकडे आणि कारागीर दुसरीकडे अशी मांडणी केली, तीच मुळात चुकली. क्रेग स्वतः शर्यती जिंकलेला होता. मॅकँडलेस बेलफास्टचा, स्वतः गाडी पळवणारा आणि नॉर्टनचा नोकर नसलेला माणूस. त्याचा मित्र आर्टी बेल नॉर्टनच्या संघात होता. नव्या फ्रेमच्या चाचण्यांत ‘पुढचे चाक इथे हलके वाटते’, ‘इथे गाडी वळणाबाहेर ओढते’ असे नेमके सांगणारे रायडर नसते, तर मॅकँडलेसला आपले कुठे बिघडते ते कळलेच नसते. या फ्रेमचे ‘फेदरबेड’ म्हणजे पिसांची गादी, हे नावदेखील डॅनिएलच्या तोंडून आले असे सांगतात. ड्यूकने पुढे जिलेराच्या हाताळणीतही सुधारणा सुचवल्या. आपण ड्यूकची बाजू घेतलीत. त्याच न्यायाने बेलची बाजू मी घ्यायला हवी होती, आणि माझ्या लेखात त्याचे नाव केवळ निकालाच्या ओळीत होते.

तो परिच्छेद मी आज बदलला आहे. त्यात आता हेही लिहिले आहे, की ज्युनिअर टीटी जिंकल्यावर थोड्याच आठवड्यांत बेल्जियममधील स्पा येथे बेलला भीषण अपघात झाला, आणि तो पुन्हा शर्यतीत उतरू शकला नाही.