मळ नव्हता तो

आज आमच्या बिल्डिंगमध्ये सत्यनारायण होता. तीर्थप्रसाद घेऊन आम्ही लिफ्टपाशी उभे होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, एरवी फार मायाळू बाई, माझ्या मुलाला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू जिन्याने ये रे भोपळ्या, लिफ्ट बंद पडायची." सगळे हसले. आणि लगेच त्याच काकूंनी स्वतःच्या हातातला शिऱ्याचा द्रोण त्याच्या हातात कोंबला. "घे, तुला आवडतो ना!"

तोही हसला. दहा वर्षांचा आहे तो. अशा वेळी हसून घ्यायचं असतं हे त्याला आताच कळायला लागलंय, आणि मला तेच बघवत नाही.

घरी आल्यावर बराच वेळ बाथरूममधून बाहेर येईना. दार ढकललं, तर आरशासमोर उभा राहून टाचा घासायच्या दगडाने मान घासत होता.

ती मान त्याला घासायला मी शिकवली. म्हणून हे लिहायचंय.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या मानेवर मागच्या बाजूने काळपट पट्टा दिसायला लागला. मला वाटलं, मळ साचलाय. दर रविवारी बेसन, हळद, लिंबू कालवून मी त्याला मोरीत बसवायचे आणि घासायचे. तो रडायचा. मी वर ओरडायचे, "नीट आंघोळ करत नाहीस, लोक मला नावं ठेवतात." एका रविवारी कातडी सोलली गेली, तरी पट्टा तसाच. असे सहा महिने गेले. मग कधीतरी ताप आला म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी शर्टाची कॉलर बाजूला केली आणि म्हणाले, "ताई, हा मळ नाही. घासू नका."

त्याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आवरणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासं झालं की ते आणखी आणखी इन्सुलिन तयार करतं आणि त्या जादा इन्सुलिनने मानेवरची, काखेतली कातडी जाड आणि काळी पडते. म्हणजे मुलाचं शरीर आतून हाका मारत होतं, आणि मी त्या हाकेवर बेसन चोळत होते. तेव्हा त्याचं वजन ४६ किलो होतं. वय आठ पूर्ण.

आणि तोवर सगळे काय म्हणत होते? "गुटगुटीत आहे." "खात्यापित्या घरचा दिसतो." "उंची फुटली की आपोआप उतरेल." लग्नात, मुंजीत, बारशाला, जो भेटेल तो गाल ओढणार आणि ताटात जिलबी वाढणार. तोच मुलगा नऊ-दहाचा झाला की तीच माणसं त्याला ढोल्या म्हणणार. वाढलं कोणी? तो स्वतः दुकानात जाऊन महिन्याचा किराणा भरत होता का?

आनुवंशिकता असते, मान्य. काहींना थायरॉइडचा त्रास असतो, तेही मान्य. पण आमच्या घरात काय चाललं होतं ते मला माहीत आहे. दुधात डब्यातली चॉकलेटी पावडर, वर साखर. का? तर उंची वाढते, बुद्धी तल्लख होते असं टीव्हीवर दाखवतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका. तोपर्यंत माझ्या घरात तो डबा देवघराइतक्या श्रद्धेने ठेवलेला असायचा. शाळेतून आल्यावर बिस्किटं, क्लासला जाताना वेफर्सची पुडी, रविवारी कोल्ड्रिंक. अडीचशे मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. चहात मी त्याला एवढी साखर घालू दिली असती का?

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी इथे लिहितेय कारण तुमच्यापैकी कितीतरी जणी इनबॉक्समध्ये विचारतात. त्यांनी मुलाचं जेवण तोडलं नाही. म्हणाले, वाढीचं वय आहे, उपास नको, वजन आहे तिथेच रोखून धरा, उंची वाढेल तसा हिशेब बसेल. आणि दुसरं म्हणाले, त्याच्यासाठी वेगळं ताट करू नका. हे दुसरं आमच्या घराला फार जड गेलं. ह्यांचा स्टेशनवरून येतानाचा वडापाव बंद, माझा चहासोबतचा खारीचा पुडा बंद, जेवताना सगळ्यांचे मोबाइल फ्रिजवर. पहिले पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

आता डब्यात थालीपीठ, धिरडं, मोड आलेल्या मटकीची उसळ असते. मधल्या भुकेला उकडलेल्या शेंगा, फुटाणे, पेरू, ताक. यात नवीन काय आहे? काही नाही. आमच्या लहानपणी हेच होतं, आणि आम्ही ते गरिबीचं खाणं म्हणून सोडून दिलं.

आईंबद्दल, म्हणजे सासूबाईंबद्दल, आधी मी फार चिडून बोलायचे. मोबाइल समोर धरून त्यांनीच भरवला त्याला, पोट भरलं म्हणाला तरी "एक घास काऊचा" चालूच. पण त्या १९७२च्या दुष्काळातून आलेल्या. खडी फोडायच्या कामावर आईबरोबर जायच्या, सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे तो कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, रेशनवर लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी, मिळायचा. धाकटा भाऊ तेव्हा वाळून काटकी झाला होता, ते त्या अजून सांगतात. त्यांना भरलेलं अंग म्हणजे वाचलेलं पोर वाटतं. डॉक्टरांचं सगळं समजावून सांगितलं त्या रात्री त्या नुसत्या त्याच्या मानेवरून हात फिरवत बसल्या होत्या. "मीपण घासली गं कितीदा," एवढंच म्हणाल्या.

आणि ज्यांची पोरं काडीपैलवान आहेत त्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक कितीतरी वर्षांपासून सांगतायत की आपल्याकडची बाळं दिसायला बारीक असली तरी अंगात चरबी जास्त असते. काटा बघून समाधान मानायचे दिवस गेले.

आता शाळा. जंक फूड शाळेच्या कँटीनमध्ये नको म्हणून २०१७ साली आपल्या राज्य सरकारने आदेश काढला. शाळेच्या ५० मीटरच्या आत ते विकू नये हा केंद्राचा २०२०चा नियम. आमच्या शाळेच्या फाटकापासून वीस पावलांवर चायनीज भेळेची गाडी आहे. त्या गाडीवाल्याला मी दोष देणार नाही, त्यालाही घर आहे. पण पीटीचा तास गणिताला देणाऱ्या बाईंना मी देणार. आठवड्यात दोनच तास, त्यातला एक परीक्षेच्या नावाने जातो. पालकसभेत मी हे बोलले तर मागून एक बाबा म्हणाले, "अहो, गणित महत्त्वाचं." वाढत्या मुलाला रोज तासभर घाम येईल असं खेळायला हवं. तो तास कुठून आणायचा? क्लास सुटतो साडेसातला.

आणि खेळायचं कुठे? डोंबिवलीत मैदान शोधून दाखवा. आमच्या सोसायटीत मागच्या बाजूला मोकळी जागा होती, पोरं लगोरी खेळायची. आता तिथे गाड्या लावायला पट्टे आखलेत आणि भिंतीवर पाटी, 'आवारात बॉल खेळण्यास सक्त मनाई'. काच फुटली होती एकदा, खरं आहे. सहाशे रुपयांची काच. मी भरून दिली असती.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. काकू, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. तुमच्या मनात वाईट नव्हतं. माझा लेक न्युमोनियाने आजारी होता तेव्हा रात्री अकराला मऊभात घेऊन तुम्हीच आला होतात. पण त्याला पुन्हा भोपळ्या म्हणू नका. प्रसाद द्या, चिमूटभर द्या, तो हात पुढे करून घेईल. आणि तुम्ही त्याला विनोदाने जिन्याने यायला सांगितलंत ना, तो गेले आठ महिने रोज पाच मजले जिन्यानेच चढतो. आज माझ्या हातात पूजेचं सामान होतं म्हणून फक्त लिफ्टपाशी थांबला होता.

दगड मी त्याच्या हातातून काढून घेतला. तो म्हणाला, "आई, थोडी उजळलीय का बघ ना." पट्टा खरंच फिका झालाय, गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ. मोबाइलवर जुना फोटो काढून त्याच्यापुढे धरला. तो बराच वेळ बघत होता. मग मानेला खोबरेल लावून झोपला.

रविवारी अकरा वाजता सोसायटीची मीटिंग आहे. मागच्या जागेतल्या चार गाड्या संध्याकाळी पाच ते सात बाहेर रस्त्यावर लावाव्यात, असा अर्ज मी दिलाय. आमची गाडी त्या चारांतली एक आहे. बी विंगच्या आयांनो, या.