चार चाकू आणि एक किल्ली

रोज खिशात किती चाकू बाळगायचे यावर लिहायचंय, पण आज ऑफिसात माझी जी शोभा झाली ती आधी सांगून टाकते.

एक मोठं खोकं आलं होतं, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. कोणीतरी ओरडलं, "अगं, तुझ्याकडे चाकू असतो ना?" असतो काय, असतात! चार. मी उठले तीच तोऱ्यात. लाकडी मुठीचा नको, त्याच्या पात्याला गोंद चिकटेल. क्लिपवाला उघडताना 'खट्ट' असा आवाज होतो, लोक दचकतात. लाल चाकू पर्समध्ये, पण पर्सच्या कुठल्या कप्प्यात? आणि चौथा, छोटा, किल्ल्यांच्या जुडग्यात, जुडगा ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली जुडग्यात... नाही, तेवढं नव्हतं, पण जवळपास तेवढंच. मी हे मनात घोळवतेय तोवर पलीकडची नवीन मुलगी आली, तिने स्वतःच्या घराची किल्ली पट्टीवर मधोमध ओढली, सर्र्र, आणि खोकं उघडं. मी पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी. दुकान उघडेपर्यंत गिऱ्हाईक पसार.

हसले सगळे. हसू देत. पण त्यातला एक म्हणाला, "चार चार चाकू? कोणाचा काटा काढायचाय?" आणि दुसऱ्याने समजूतदार चेहरा करून, "बरोबर आहे, बाईमाणसाने स्वसंरक्षणासाठी ठेवावंच काहीतरी."

याचा मला जो संताप येतो ना! पुरुषाने खिशातून चाकू काढला तर तो कामाचा माणूस. बाईने काढला की एकतर ती घाबरलेली, नाहीतर भयंकर. अरे बाबा, माझ्या चारांतल्या तीन चाकूंना लॉक, म्हणजे उघडं पातं अडकवून ठेवणारी खीळ, नाही किंवा असलं तरी मी ते लावत नाही. साध्या घडीच्या चाकूचं पातं फक्त मागच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. तो भोसकायला घेतला तर पातं मिटेल आणि माझीच बोटं जातील. ही वस्तू दोरा, पट्टी, पाकीट, पेन्सिल यांच्यासाठी आहे. इथल्या मंडळींना हे सांगायला नकोच, तुम्ही सगळे वस्तू वापरणारी आणि दुरुस्त करणारी माणसं आहात. पण लिहिलं, कारण तिथे तोंडातून शब्द फुटला नाही.

असो. घरी येताना राग त्या लोकांवर होता, अर्ध्या वाटेवर तो माझ्याकडे वळला. त्या मुलीकडे एक किल्ली होती, माझ्याकडे चार चाकू, आणि काम किल्लीने केलं. आणि मग नकटा आठवला.

नकटा म्हणजे माझा लाकडी मुठीचा, कार्बन स्टीलचा चाकू. मूळचा नकटा नव्हता. चांगलं सरळ, निमुळतं टोक होतं त्याला. काही वर्षांपूर्वी दादाच्या घरी रंगकाम चाललं होतं. दादा शिडीवर, मी खाली. तो म्हणाला, "तुझा चाकू दे गं जरा." मी लगेच खिशात हात घातला, हा काढून दिला, देताना वर म्हटलंही, "बघ काय धार आहे." दोन मिनिटांनी त्याने तो मिटून परत दिला. काही बोलला नाही. मीही बघितलं नाही. रात्री घरी येऊन उघडला तर टोक गायब. जेमतेम ३ मिलिमीटर, पण टोकच ते. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला वापरला होता साहेबांनी. घट्ट बसलेल्या झाकणाखाली पात्याचं टोक घालून तरफ! अरे, पातं कापायला असतं. टोकाकडे ते इतकं पातळ असतं की जरा आडवा ताण आला की ते वाकत नाही, सरळ तुटतं.

मी कितीतरी महिने चिडून होते. तुटलं तर तुटलं, सांगायचं तरी! मिटून खिशात परत द्यायचा म्हणजे काय?

(हे लिहितानाही हात शिवशिवतायत.)

मग मीच ते नाक घडवलं. कानशीने जमेल असं वाटलं होतं, पण चांगलं कडक पाणी दिलेल्या (म्हणजे तापवून, विझवून कडक केलेल्या) पोलादावर कानस नुसती घसरते. ग्राइंडरवर धरायची हिंमत नव्हती, कारण पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलंच म्हणून समजा, मग कितीही घासा, धार टिकत नाही. म्हणून खरखरीत दगड, पाणी आणि दोन संध्याकाळी. धारेला हात लावायचाच नाही. पाठीच्या बाजूने, वरून उतरत आणायचं, म्हणजे पाठ खाली येऊन धारेला मिळते आणि नवं टोक तयार होतं. दर दहा-बारा घासण्यांनंतर पाण्यात बुडवायचं, अंगठ्याने चाचपायचं. झालं टोक, पण आखूड, जरा खाली झुकलेलं. नकटा. आणि नकट्याच्या धारेला सतराशे विघ्नं, त्या टोकाकडची वक्र जागा दगडावर नीट बसत म्हणून नाही.

तर मुद्द्यावर येते. रोज किती चाकू बाळगायचे?

माझं आजपर्यंतचं उत्तर होतं 'कामागणिक एक'. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. पण हे ज्या माणसांनी खरंच डोकं लावून सोडवलंय त्यांनी उलट केलं. १८९१ मध्ये स्विस शिपायांना जो पहिला चाकू मिळाला त्यात पातं, भोक पाडायची आर, डबा उघडणी आणि स्क्रू ड्रायव्हर, बस. स्क्रू ड्रायव्हर रायफल सोडवायला, डबा उघडणी शिध्यासाठी. गंमत म्हणजे ते पहिले १५ हजार चाकू जर्मनीत, सोलिंगेनला बनले, कारण इतके बनवण्याची क्षमता तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये कोणाकडे नव्हती. कार्ल एल्सेनर या स्विस कारागिराला ते लागलं आणि त्याने १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा नवा चाकू नोंदवला. त्यातली युक्ती मला दर वेळी नव्याने आवडते: एकाच स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना अवजारं. पोटाकडून पातं, पाठीकडून आर आणि बुचाचा स्क्रू, स्प्रिंग तीच. जाडी न वाढवता अवजारं वाढली. दुसरा चाकू खिशात टाकला नाही त्याने, आहे त्यातच जागा शोधली.

टिम लेदरमन या अमेरिकन माणसाचंही तेच. १९७५ मध्ये जुन्या, सारख्या बिघडणाऱ्या फियाटमधून युरोप फिरत होता, खिशात साधा घडीचा चाकू, आणि दर वेळी पक्कड हवी असायची. तो पक्कड वेगळी घेऊन फिरू शकला असता. त्याऐवजी परत जाऊन पक्कडच चाकूत बसवायच्या मागे लागला आणि १९८३ मध्ये ती विकायला आणली. आठ वर्षं! आणि मी? मी चौथा चाकू घ्यायला आठ मिनिटंही घेतली नाहीत.

आता माझा लाल चाकू एल्सेनरच्याच वंशातला, ९१ मिलिमीटरचा, म्हणजे तळहातात मावणारा. त्याच्या बाटली उघडणीचं टोक म्हणजे जाड, सपाट स्क्रू ड्रायव्हर. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला याहून चांगलं काही नाही, सगळे त्याने तेच करतात. आणि त्या दिवशी, दादा शिडीवर असताना, तो लाल चाकू माझ्या दुसऱ्या खिशात होता.

हे मला रंगकामाच्या रात्री सुचलं नाही. त्यानंतरच्या महिन्यांतही नाही. आज सुचलं, पर्समध्ये हात घालून उभी असताना. दादाने चाकू मागितला, कशाला ते मी विचारलं नाही. माझ्याकडे तीन होते (चौथा तेव्हा घेतला नव्हता), बरोबरचा एक होता, आणि मी दिला सगळ्यात नाजूक, कारण मला त्याची धार दाखवायची होती. एकच असता तर तोच गेला असता आणि बहुधा तो लालच असता.

म्हणजे दादाची चूक नव्हती असं नाही. न सांगता मिटून देणं ही चूकच. पण आता ती मला तेवढी मोठी वाटत नाही.

बरं, दुसरी बाजू पण आहे, मान्य. ज्या पात्याने चिकटपट्टी कापली त्यानेच फळ कापू नये, गोंदाची चव लागते. म्हणून काही लोक खाण्यासाठी वेगळा ठेवतात. ठेवा. पण पातं पुसायला रुमाल लागतो, दुसरा चाकू नाही. आणि एक बोथट झाला तर दुसरा हाताशी हवा असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, पहिला बोथट होऊच का दिलात? मला माहितीये का ते, कारण माझे चारातले तीन बोथट आहेत. खोटं कशाला बोलू. आत्ता कागदावर घासून बघितले. क्लिपवाला कागद फाडतो, कापत नाही. छोटा तर कागदाला नुसता गुदगुल्या करतो. एका पात्याला धार लावायची म्हणजे दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशांचा कोन सांभाळत, काठावर बारीक कोर उमटेपर्यंत घासायचं, मग दुसऱ्या बाजूने ती कोर उतरवायची. एकाला वीस मिनिटं धरा. चार चाकू, त्यातल्या लालला दोन पाती, म्हणजे पाच. कोणत्या रविवारी बसते मी? आणि बोथट चाकू जास्त धोक्याचा, कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो सटकतो.

विमानतळाचं तर विचारूच नका. निघताना आठवणीने तीन काढून घरी ठेवले, स्वतःवर खूश होते. चौथा जुडग्यात. ५८ मिलिमीटरचा, वजन वीसेक ग्रॅम, त्यात पिटुकलं पातं, कात्री, नखांची कानस. गेला जप्तीच्या पेटीत. मागे २०१३ मध्ये अमेरिकेत असली छोटी पाती केबिनमध्ये चालू द्यायचं जाहीर झालं होतं, ६ सेंटिमीटरपर्यंतची, आणि अंमल व्हायच्या आधीच मागे घेतलं. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी विरोध केला होता आणि त्यांचं मला पटतं. मला नियमाचा राग नाही. राग याचा की चारांची मोजदाद मलाच जमली नाही. आणि तोच चाकू मी पुन्हा विकत घेतला. जुडग्यातला आत्ताचा छोटा तोच, दुसरा अवतार.

मी काही साधेपणाचं प्रवचन देत नाहीये. संग्रह करणाऱ्यांनी करावा. ओपिनेल या फ्रेंच चाकू बनवणाऱ्याने १८९७ मध्ये एकाच चाकूचे १ ते १२ अशा क्रमांकांचे आकार काढले होते, पुढे १९३० च्या दशकात १ आणि ११ बंद केले. मी त्यांची पूर्ण रांग मांडलेली पाहिली आणि अर्धा तास तिथून हलले नाही, इतकं छान दिसतं ते. कपाटात शंभर ठेवा. मी बोलतेय ते खिशाबद्दल. खिशात जे आहे ते हाताला न बघता ठाऊक पाहिजे. कुठे आहे, कोणत्या बाजूने नख घालायचं, उघडायला किती जोर. लालचं मोठं पातं मी अंधारात उघडू शकते. बाकी तिघांसाठी मला आधी आठवावं लागतं की आज कोण कुठे आहे.

त्या मुलीला किल्ली शोधावी लागली नाही. बस, एवढंच झालं आज.

आत्ता चौघे टेबलावर मांडलेत. फोटो टाकत नाही, कारण मग तुम्ही 'मस्त!' लिहाल आणि पाचवा सुचवाल. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. क्लिपवाला कपाटात जातोय. छान आहे, महाग आहे, पण वर्षभरात मी त्याने काय कापलं ते आठवत नाही. लाल उजव्या खिशात, पर्समध्ये नाही, खिशात. खिसा नसलेले कपडे शिवणाऱ्यांना माझा वेगळा शाप आहे, तो पुन्हा कधीतरी. जुडग्यातला छोटा राहू दे, त्याची कात्री नखांना लागते. तो मी मोजत नाही. हो, हे बेइमानी आहे, पण एकदम एवढी सुधारणा झेपायची नाही.

राहिला नकटा. त्याला आत्ता तेल लावून पुसला. इतक्या वर्षांत पातं काळपट राखाडी झालंय, कार्बन स्टीलचं होतंच ते, पण धार, बाई गं! उभा धरलेला कागद आवाज न करता चिरतो. चौघांतला तो एकटा धारदार, आणि त्यालाच मी सगळ्यात कमी बाहेर काढते, कारण उघडला की ते नाक दिसतं आणि दादावर पुन्हा राग येतो.

उद्या दादाकडे जायचंय. नकटा त्याला देऊन टाकते. त्याच्याकडे रंगाचे डबे बरेच आहेत, म्हणून बरोबर एक जुना, जाडजूड स्क्रू ड्रायव्हरही नेते.