'रोज अंघोळ करून यावे'

लेकाच्या शाळेच्या डायरीत लाल शाईनं शेरा आला: 'रोज अंघोळ करून यावे.' पोरगं आठवीत. सकाळी साडेसहाला डोक्यावरून बादली ओतून जातं. डायरी पुढे करताना मान वर करेना. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

अहो, घामाला वास नसतो! अंगभर ज्या घामग्रंथी असतात त्या पाणी आणि मीठ सोडतात, अंग गार करायला. काखेत त्यांच्या जोडीला अपोक्राइन नावाच्या ग्रंथी असतात, त्या वयात येईपर्यंत झोपलेल्या. म्हणून तर पहिलीतलं पोर मैदानावरून निथळत आलं तरी त्याला खुशाल जवळ घेतो आपण. या ग्रंथींचा स्रावसुद्धा ताजा असताना बिनवासाचाच. पण त्यावर त्वचेवरचे जिवाणू टपलेले असतात. त्यातला स्टॅफिलोकॉकस होमिनिस स्रावातला एक रेणू आत ओढतो, कामाचा भाग तोडून खातो आणि उरलेला गंधकवाला तुकडा बाहेर टाकतो. काखेतला तो कांद्यासारखा उग्र भपकारा म्हणजे हाच उष्टा तुकडा. तो तोडणारं एन्झाइम 2020 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ओळखलं. हे जिवाणू आपल्या कातडीचे कायमचे भाडेकरू. साबणानं कमी होतात, दुपारपर्यंत पुन्हा हजर.

गंमत म्हणजे कोरियात बहुतेकांच्या एबीसीसी11 या जनुकाचं रूपच वेगळं असतं. काखेतून जिवाणूंना हा खुराक जवळजवळ मिळतच नाही, आणि कानातला मळही कोरडा असतो. तिथल्या पोरानं अंघोळीला दांडी मारली तरी डायरी कोरीच राहील.

आता गणवेश. शाळेनं ठरवलेल्या दुकानातूनच घ्यायचा. कॉलरच्या आतली पट्टी वाचली, बहुतेक सगळं पॉलिस्टर. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात 2014 मध्ये लोकांना व्यायाम करायला लावून त्यांचे घामेजलेले टी-शर्ट हुंगून पाहिले होते (कोणाच्या नशिबी काय!). सुतीपेक्षा पॉलिस्टरच जास्त घाण मारत होतं. वास करणारे मायक्रोकॉकस जिवाणू त्यावर चांगले पोसतात. म्हणजे कापड यांचं आणि शेरा माझ्या पोराला.

आजोबांच्या दाढीच्या डब्यातला तुरटीचा खडा काढलाय. अंघोळीनंतर ओल्या काखेत फिरवतो, जिवाणू जरा दबतात. शेऱ्याखाली सही करून मी एक ओळ लिहिली: 'अंघोळ रोज होते. सुती शर्ट चालेल का?'

चार दिवस झाले. डायरीत अजून काही आलेलं नाही.