मत मिलच्या फाटकाशीच का थांबतं?

परवा इंदूरच्या रामबागेत एका मुंजीच्या पंगतीत वाद झाला. बँकेतून रिटायर झालेले एक काका ठासून म्हणाले, "लोकशाही आणि भांडवलशाही एकमेकींच्या आधारानं उभ्या आहेत. एकीला धक्का लागला की दुसरी पडलीच समजा." त्यांचा भाचा समोरच जेवत होता. तो पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला आहे. तो म्हणाला, "मामा, मग आमच्याकडे वोटिंग कधी आहे, ते सांगा ना." पंगत हसली. पण मुलगा थट्टा करत नव्हता, आणि त्याला कुणी उत्तर दिलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहिते आहे.

माझे आजोबा इथल्या एका कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मतदानाच्या दिवशी ते परीटघडीचं धोतर नेसून, टोपी घालून सकाळीच निघत. मतदानाच्या रांगेत एकदा मिलचे मोठे साहेब त्यांच्या मागे उभे होते आणि पुढे घुसले नाहीत, ही गोष्ट त्यांनी आम्हां नातवंडांना किती वेळा सांगितली असेल! दुसऱ्या दिवशी भोंगा झाला की तेच आजोबा जॉबरपुढे, म्हणजे मुकादमापुढे, मान खाली घालून उभे राहत. पाळी कोणती, साचे किती सांभाळायचे, बदलीवर कोणाला ठेवायचं, यातलं काही त्यांना कधी विचारलं गेलं नाही. याच शहरानं 1962 साली कामगार नेते होमी दाजींना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. कामगारांच्या मताला दिल्लीपर्यंत वजन होतं, पण मिलच्या फाटकाच्या आत नव्हतं.

हा विरोध बाबासाहेबांना तेव्हाच दिसला होता. ज्या महूत त्यांचा जन्म झाला, ते आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. 14 एप्रिलला आपल्यातले कितीतरी जण तिथे जाऊन येतात. पण 25 नोव्हेंबर 1949 चं त्यांचं संविधान सभेतलं भाषण किती जणांनी पूर्ण वाचलंय? 26 जानेवारीला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल ठेवणार आहोत, असं त्यांनी त्यात स्पष्ट सांगितलं: राजकारणात समता असेल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. हा विरोध लवकर मिटवला नाही, तर विषमतेचे चटके बसलेले लोक लोकशाहीची ही इमारतच उद्ध्वस्त करतील, असा इशाराही त्यांनी दिला होता. पंगतीतल्या मुलाचा प्रश्न तोच होता.

मला हा सगळा गुंता मोजदादीचा वाटतो. बूथवर डोकी मोजतात, कंपनीच्या सभेत शेअर मोजतात. ज्याचं भांडवल जास्त, त्याची मतं जास्त, आणि हे कायद्यानंच आहे. आपल्या पतपेढीत मात्र शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. म्हणजे व्यवहारात डोकी मोजणं अशक्य आहे, हे काही खरं नाही. आपल्या मराठी घरांतली माणसं वर्षानुवर्षं सहकारी संस्थांच्या सभांना जातात, तिथे भांडतात, हात वर करतात. कंपनीत घाम गाळणाऱ्याचं डोकंही मोजत नाहीत, आणि शेअर तर त्याच्याकडे नसतोच.

बरं, दोन मोजमापं आपापल्या कुंपणात राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. तसं होत नाही. पूर्वी कंपनीला राजकीय देणगी द्यायची, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. 2017 मध्ये ती काढून टाकली, आणि पुढच्या वर्षी निवडणूक रोखे आले. देणारा कोण, घेणारा कोण, हे मतदाराला कळायची सोयच राहिली नाही. सुप्रीम कोर्टानं 15 फेब्रुवारी 2024 ला हे सगळं घटनाबाह्य ठरवलं. मला त्या दिवशी खरोखर हायसं वाटलं. फाटकाच्या आतला पैसा बूथमध्ये शिरतो, आणि बूथमधलं मत फाटकाच्या आत जाऊ शकत नाही. ही वाहतूक एकाच दिशेनं का?

त्याच वर्षी आपल्या इंदूरमध्ये लोकसभेला मुख्य विरोधी पक्षाच्या उमेदवारानं ऐन वेळी अर्ज मागे घेतला. 13 मे ला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जिलबी फुकट होती, पण मशीनवर निवडायला फारसं काही उरलं नव्हतं. 2,18,674 लोकांनी नोटाचं बटण दाबलं. त्यांना आळशी किंवा रिकामटेकडे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. घरी बसणं सोपं होतं. ती माणसं मे महिन्याच्या उन्हात जाऊन आली.

काकांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जिथे सगळी मालमत्ता सरकारच्या हाती गेली, तिथे मतालाही अर्थ उरला नाही, हे विसाव्या शतकानं दाखवलं आहे. आपल्याकडेही 1974 मध्ये इथल्या काही मिल सरकारनं ताब्यात घेतल्या. मालक बदलला, साच्यावरच्या माणसाला कुणी विचारायला लागलं, असं झालं नाही. आणि खासगी हातातल्या हुकुमचंद मिलचं काय झालं, ते सगळं शहर जाणतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली, आणि कामगारांच्या थकबाकीचे सुमारे 224 कोटी रुपये मिळायला 25 डिसेंबर 2023 उजाडलं. तोवर कितीतरी जण गेले होते, पैसे त्यांच्या बायकामुलांच्या हाती आले.

म्हणून मालक सरकार असावं की शेठ, या वादात मला आता रस उरलेला नाही. मला 43-अ कलमात रस आहे. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं ते संविधानात आलं. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग मिळवून देण्यासाठी राज्यानं पावलं उचलावीत, असं त्यात म्हटलं आहे. त्याच 1976 साली पश्चिम जर्मनीनं कायदा केला: दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना. बरोबरी झाली तर निर्णायक मत अध्यक्षाचं, म्हणजे पूर्ण समता तिथेही नाही. पण तिथले कारखाने त्यामुळे बुडाले नाहीत. आपल्याकडे 1990 मध्ये विधेयक मांडलं गेलं, त्याचा कायदा काही झाला नाही. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे कोर्टातही जाता येत नाही. डावे, उजवे, मधले, सगळ्यांची सरकारं येऊन गेली. या एका कलमासाठी कुणी रस्त्यावर उतरलेलं मला आठवत नाही.

पुढच्या निवडणुकीत जो कोणी मत मागायला दारात येईल, त्याला मी हेच विचारणार आहे. पक्ष कोणताही असो.

काल पंगतीतल्या त्या मुलाला कलम व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. रात्री पाळीवरून सुटल्यावर त्याचा मेसेज आला, "मावशी, ठेक्यावरच्या लोकांना पण लागू आहे का हे?" मी पुन्हा उघडून पाहिलं. कलमात नुसतं 'कामगार' म्हटलंय, कायम की ठेक्याचा असा फरक त्यात केलेला नाही. तसं त्याला कळवलं.