थरथर, ओढ आणि हिसका

कसारा घाट उतरताना पुढच्या ट्रकने अचानक दम टाकला, मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो, आणि त्याच क्षणी स्टिअरिंगने माझ्या हातांतून डावीकडे असा हिसका घेतला की तेव्हापासून मुंबईला जायचे नुसते नाव काढले तरी पत्नी पंचवटी एक्स्प्रेसची वेळ विचारू लागते.

गाडी ११ वर्षांची आहे आणि तिच्या कुरकुरीची मला सवय आहे. मात्र हा आजार फक्त संकटकाळी प्रकट होत असे. ब्रेक हळुवार दाबला तर गाडी गरीब गाईसारखी सरळ थांबे. म्हणजे निदानासाठी ती ताशी ७०-८० किलोमीटरने पळवून काहीही कारण नसताना गच्च ब्रेक दाबणे आले, आणि ज्या नाशिक शहरात सकारण ब्रेकच दर शंभर पावलांवर दाबावा लागतो, तेथे अकारण दाबायला जागा कोठून आणायची? अखेर मी पहाटे गंगापूर धरणाकडचा रस्ता गाठला. तिसऱ्या ब्रेकला फिरायला निघालेल्या एका आजोबांनी काठी उंचावून विचारले, "काही आडवं गेलं का?" "नाही, तपासतोय," असे मी म्हणालो. त्यांनी मला आणि गाडीला आळीपाळीने न्याहाळले आणि काठी खाली घेतली.

पहिल्या गॅरेजमध्ये मी "स्टिअरिंग हलतं" असे सांगितले आणि तेथेच घोडचूक केली. हलते म्हटल्याबरोबर चाकांचे बॅलन्सिंग, म्हणजे वजन सगळीकडून सारखे करणे, झाले. वास्तविक बॅलन्सिंग बिघडले असेल, तर ब्रेकला पाय न लावताही ८०-१००च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते, हे मला पैसे दिल्यानंतर कळले. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, झाले. पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे होते, हिसका मात्र होता तसाच होता. तेव्हा "ब्रेकच्या डिस्क वाकल्यात, दोन्ही बदला," असा निकाल लागला.

हा निकाल मी शेजारच्या नानांना सांगितला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या कृपेने आमच्याकडे प्रत्येक सोसायटीत मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, बोलणारे एक तरी निवृत्त गृहस्थ असतात. आमचे नाना टूलरूममधले. "वाकली म्हणजे किती?" एवढेच विचारून ते घरात गेले आणि मखमली अस्तराच्या पेटीतून बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारे डायल गेज घेऊन आले. चाक काढून, नट पुन्हा डिस्कवर आवळून, चुंबकी स्टँड लावून त्यांनी डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा जेमतेम हलला. त्यांनी श्वास रोखला, म्हणून मीही रोखला. "०.०३ मिलिमीटर. एवढं चालतं." मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजून त्यांनी सांगितले की लोक ज्याला वाकणे म्हणतात, ते बहुधा जाडी जागोजाग कमी-जास्त होणे असते, आणि आमच्या डिस्कमध्ये तेही नव्हते. दुसऱ्या बाजूची डिस्कही त्यांनी अशीच निर्दोष सोडली. चहा दोनदा गरम करावा लागला.

शेवटी द्वारका चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटही उघडले नाही. "साहेब, थरथरतं, ओढतं, की हिसकतं?" आपल्या भाषेत हे तीन निरनिराळे शब्द आहेत आणि गाडीत तीन निरनिराळे रोग, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. थरथर असेल तर डिस्क पाहायची. गाडी सतत एका बाजूला ओढत असेल तर डिस्कला चिमट्यासारखे धरणाऱ्या कॅलिपरची पिन जाम झाली आहे का, ते पाहायचे. आणि एकच हिसका बसत असेल तर खाली कोठेतरी काहीतरी सैल आहे. मी छातीठोकपणे "हिसकतं" म्हणालो.

गाडी रॅम्पवर चढली. मिस्त्रींनी चाकाला गाडीशी जोडणाऱ्या डाव्या लोअर आर्मच्या मागच्या रबरी बुशपाशी लोखंडी टॉमी घालून दाबली, तेव्हा लोखंडाच्या मधले रबर पिकलेल्या सीताफळासारखे उकलले. जोरात ब्रेक लागला की चाक मागे रेटले जाते, फाटलेले रबर त्याला धरत नाही, आर्म सरकतो, चाकाची दिशा बदलते आणि स्टिअरिंग हिसकते; ब्रेक सोडला की सारे मुकाट्याने जागेवर येते. उभ्या गाडीचे आकडे हिरवे दिसले यात त्या यंत्राचा दोष नव्हता. ते गाडीला विचारत होते आणि गाडी साळसूदपणे उत्तरे देत होती.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले. त्यानंतर अलाइनमेंट पुन्हा करावेच लागते, तेथल्या मुलाने "परत आलात?" एवढेच विचारले आणि हिरवे आकडे पुन्हा दाखवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच रस्त्यावर ८०च्या वेगाने जाऊन गच्च ब्रेक दाबला. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ थांबली. समोरून तेच आजोबा येत होते. या वेळी त्यांनी काठी उंचावली नाही; ते शांतपणे चर ओलांडून शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिले, आणि मी निघून जाईपर्यंत तेथेच थांबले.